तारा उसळला तो कैसा

खगोल विभागातील समस्त जाणत्यांनी पुसिले की तारा उसळला तो कैसा, त्यावरून घडली तैशी हकिकत लिहिली असे. पदरचे मीठ घातले असेल ते चवीपुरते.

न्यूट्रॉन तारा म्हणजे विझल्या ताऱ्याचा गाभा, बहुत जड, अखंड गरगर फिरणारा. त्याचे कवचात एक द्रव, त्यास घर्षण ठाऊक नाही. आणि त्या द्रवात बारीक भोवरे असंख्य, ते कवचातील अणुकेंद्रांस चिकटून ठाणी धरून बसत. मग कवच हळूहळू मंदावे, द्रव मात्र जुन्याच तोऱ्यात फिरे. आणि एके क्षणी भोवरे एकदम उठत, द्रवाचा वेग कवचास मिळे आणि तारा उसळी घेई. आकाशात ऐसे घडे. संशोधक ताईसाहेबांनी संगणकात ऐसाच नकली तारा रचिला होता, त्यात मात्र काही केल्या घडेना. तेथे भोवरे उठत ते एकेक, सुटे, आळसावलेले. आणि पाच वाजता संगणक हवामानवाल्यांचे हवाली करावा ऐसा हुकूम सुटला होता. उसळी न मिळे तर प्रबंध बुडाला.

ऐशा आणीबाणीत विभागप्रमुख थोरले सर यांनी तिसरे प्रहरी व्याख्यान आरंभिले. वेळ सरली, चहा निवाला, तरी सर आवरेनात, आणि समस्त मानकरी खुर्च्यांस चिकटून राहिले. उठणे प्रत्येकास होते, आधी उठणे कोणासच नव्हते. अखेर ताईसाहेब मनाचा हिय्या करून उभ्या राहिल्या, मग शेजारचा उठला, त्याचे धक्क्याने पुढचा, आणि मग एकच गर्दी जाहली. त्या लोंढ्यात खुद्द सरही बोलत बोलत व्हरांड्यात पोचले.

ताईसाहेब दारातच थबकल्या. "अगं बाई! मी भोवऱ्यांच्या हिशेबात शेजाऱ्याचा धक्का धरलाच नाही की!"

मग धावत जाऊन प्रोग्रॅमात तितके कलम घातले आणि संगणक चालविला, तो तासाची मुदत मागू लागला. इतक्यात हवामानवाले दाखल. त्यांचा म्होरक्या म्हणाला, "मॅडम, पाच वाजले. उठा आता." ताईसाहेबांचे डोळ्यांस पाणी आले. तोच व्याख्यान कोणी मोडिले याचा तपास करीत थोरले सर आले, पडद्यावरील भोवरे पाहून राग विसरले, आणि खुर्ची ओढून फर्माविले की सर्वांनी बसावे, विषय मुळापासून सांगतो. हवामानवाले बसले. ते बसले ते बसलेच.

तास लोटला, भोवरे एकवट उठले, तारा उसळला, प्रबंध तरला. येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. टाळी कोणी वाजविली नाही, कारण सर बोलत होते. अद्यापही बोलत आहेत. आणि हे लिहिणारा मागील खुर्चीत बसला असे, आधी कोण उठतो त्याची वाट पाहत.