लो टाका, सोनवणे!

रोज सकाळी कामावर जायला खाली उतरलो की मला आधी मंदाताईंचे पाय दिसतात. फक्त पाय. बाकीच्या मंदाताई गाडीखाली असतात. पांढरे कॅनव्हासचे बूट, घोट्याशी घट्ट आवळलेली सलवार, आणि गाडीखालून आवाज येतो, "सोनवणे ना? चालण्यावरून ओळखलं. जरा टॉर्च धरा."

मी इस्त्रीचा शर्ट घातलेला असतो. अंबडला कारखान्याचं स्टोअर सांभाळतो मी, वेळेवर पोचावं लागतं. तरीही उकिडवा बसून टॉर्च धरतो.

"दिसलं?"

"काय दिसायचंय?"

"पोट हो! खरचटलंय की नाही?"

गाडीचं पोट. मंदाताईंचा जीव गाडीच्या पोटात असतो. गाडीखालच्या लोखंडाला जमिनीवरचा दगड लागला की नाही, यावर त्यांचा दिवस चांगला जातो की वाईट, हे ठरतं.

इंदिरानगरातल्या आमच्या इमारतीत त्या दुसऱ्या मजल्यावर एकट्या राहतात. लग्न केलं नाही. सरकारी खात्यात नकाशे काढायच्या. बंधारे, पाट, डोंगरातले रस्ते, सगळं त्यांच्या टेबलावर कागदावर तयार झालं. "जागा बघायला साहेब जायचे जीपमधून," त्या सांगतात. "मी विचारलं होतं एकदा, मी येऊ का म्हणून. साहेब म्हणाले, तुम्हाला त्रास होईल, रस्ता खराब आहे." रिटायर झाल्यावर मैत्रिणी काशीला गेल्या. मंदाताईंनी एक जुनी, छोटी, चौकोनी गाडी घेतली, चारही चाकांनी जोर लावणारी, आणि तिला त्या खराब रस्त्यासाठी तयार करायला लागल्या.

तयार करणं म्हणजे आधी सगळं काढून टाकणं. मागची सीट काढली, वजन होतं म्हणून. एसी काढला, चढावर इंजिनाचा दम खातो म्हणून. गाणी वाजवायचं यंत्र काढलं, कारण इंजिन काय बोलतंय ते ऐकू आलं पाहिजे. मग लावणं सुरू झालं. ट्रॅक्टरला शोभतील असे खाचांचे टायर. पुढे लोखंडी दोर गुंडाळलेलं रहाट. काचेच्या कडेनं टपापर्यंत गेलेला एक काळा नळ, ओढ्याच्या पाण्यात गाडीला वरून श्वास घेता यावा म्हणून. मंदाताई त्याला नाक म्हणतात. पेट्रोल पंपावरच्या माणसानं एकदा विचारलं, "मॅडम, पेट्रोल ह्याच्यातनं टाकायचं का?" त्या दिवसापासून त्यांनी तो पंप सोडला.

आणि गाडी उंच केली. स्प्रिंगा बदलल्या, आणखी बदलल्या. सातपूरच्या गॅरेजवाल्या रफिकभाईंनी शेवटी हात जोडले. "मॅडम, इससे ऊपर किया तो गाडी नहीं रहेगी, मचान बनेगी." मंदाताईंची उंची पाच फुटांच्या आतली. आता गाडीत चढायचं कसं? त्यांनी प्लॅस्टिकचं एक स्टूल घेतलं, त्याला सुतळी बांधली. स्टुलावर चढायचं, गाडीत बसायचं, मग विहिरीतनं बादली काढावी तसं सुतळीनं स्टूल वर ओढून घ्यायचं. भाजी आणायला जातानाही हेच. मंडईत लोक बघत उभे राहतात.

इथपर्यंत माझं काही म्हणणं नव्हतं. पण उंच झालेली गाडी पार्किंगच्या बीमखालून आत जाईना. दुसऱ्या कुणी ती बाहेर लावली असती. मंदाताई रोज संध्याकाळी चारही टायरांमधली थोडी थोडी हवा सोडतात, गाडी खाली बसते, मग बीमखालून आत सरकते. आणि ती हवा सकाळी परत भरायची. त्यासाठी पंप. तो पंप आमच्या झोपण्याच्या खोलीच्या बरोबर खाली चालतो. पहिल्या महिन्यात नीता, म्हणजे माझी बायको, दचकून उठायची. आता पंप बंद झाला की दचकते.

आमचे सोसायटीचे अध्यक्ष भालेराव सज्जन आहेत. ते एकदा मला बरोबर घेऊन तक्रार करायला गेले. बागेच्या कट्ट्यावर गाडीचं एक चाक चढलेलं होतं, खाली शेवंतीची रोपं झोपली होती, आणि मंदाताई गुडघे टेकून बाकीची तीन चाकं निरखत होत्या.

"मंदाताई, ही बाग आहे," भालेराव म्हणाले.

"माहीत आहे. पण कट्टा बरोबर मापाचा आहे. एक चाक वर असताना बाकीची जमीन सोडत नाहीत ना, ते बघतेय. तुम्ही जरा मागच्या बंपरवर बसता का? तुमचं वजन चांगलं आहे."

भालेराव बसले. मी स्वतः पाहिलं.

त्यांच्याबरोबर कुठे जायचीसुद्धा सोय नाही. घोटीला एका लग्नाला आम्ही बरोबर गेलो होतो. कार्यालयाच्या फाटकाशी उंच उंबरठा होता, आणि नवरदेवाची फुलांनी मढवलेली लांबलचक गाडी हळूहळू त्यावर येत होती. सनई चालू होती. मंदाताई एकदम ओरडल्या, "थांबा! पोट लागेल! पोट!" शेजारी नवरदेवाची बहीण उभी होती, सातव्या महिन्यातली. ती बिचारी दोन्ही हात पोटावर धरून मागे सरकली, तिच्या सासूनं मंदाताईंकडे असं पाहिलं की मी अक्षता न टाकताच पंगतीत जाऊन बसलो. परत येताना मंदाताईंनी घोटीच्या तांदळाच्या पेठेतून रिकामं बारदान घेतलं. चाक चिखलात फिरायला लागलं की खाली घालायला बरं पडतं म्हणे. नीता पैठणी नेसून त्या बारदानाच्या गठ्ठ्यावर बसून नाशिकला आली.

त्यांचा दुसरा मंत्र म्हणजे 'लो'. गाडीत नेहमीच्या गिअरशेजारी एक आखूड दांडी आहे. ती ओढली की गाडी बैलासारखी सावकाश चालते, पण चढायची थांबत नाही. ते 'लो'. मंदाताईंच्या मते जगातल्या सगळ्या अडचणींवर हाच उपाय आहे. एकदा नीताचं आणि माझं जिन्यातच वाजलं होतं. मंदाताई पिशवी घेऊन वरून उतरत होत्या. बाजूनं जाताना मला म्हणाल्या, "लो टाका, सोनवणे. रेस करताय नुसती." नीता आता तेच वाक्य मला वापरते.

पण माझा खरा छळ रविवारचा. अवघड वाटेवर गाडीच्या पुढे एक माणूस चालावा लागतो. दगड कुठे आहे, चाक कुठून न्यायचं, हे तो हातानं दाखवतो. हा माणूस म्हणजे मी. माझी चूक एवढीच की नवे टायर आले त्या दिवशी मी म्हटलं होतं, "वा, छान दिसतेय." इमारतीत तसं म्हणणारा मी एकटाच निघालो. तेव्हापासून महिन्यातले दोन रविवार मी कुठल्या तरी डोंगरात गाडीसमोर उलटा चालत असतो. आणि गंमत अशी की मी डावीकडे हात दाखवला की त्या उजवीकडून जातात.

"डावीकडून म्हटलं होतं मी!"

"बघितलं. छान दाखवता तुम्ही."

गेल्या पावसाळ्याच्या शेवटाला आम्ही हरसूलच्या पुढे गेलो होतो. घरून निघतानाच मी नीताला सांगितलं होतं की हा शेवटचा रविवार, आज मी त्यांना स्पष्ट सांगणार. "सांगा," ती म्हणाली. "आणि येताना हरसूलच्या बाजारात नागली मिळाली तर आणा."

डांबर संपलं, मग खडी संपली, मग बैलगाडीची वाट संपली. पुढे एक ओढा आणि त्याच्यापलीकडे सरळ वर गेलेली दगडांची घसरण. ओढ्याकाठी एक म्हातारा बकऱ्या घेऊन बसला होता.

"कुठं चालल्या बाई?"

"वर."

"वर काय नाय. नुसतं पठार हाय."

"माहीत आहे, बाबा."

म्हातारा माझ्याकडे वळला. "मंग कशाला चालले?" गेलं वर्षभर मी स्वतःला तेच विचारत होतो.

ओढा ओलांडून मी चढाच्या तोंडाशी उभा राहिलो आणि डावीकडून या म्हणून हात केला. मंदाताई उजवीकडून आल्या. उजवीकडे चिखल होता. चाक गर्रकन फिरलं आणि डोक्यापासून बुटापर्यंत सगळा चिखल माझ्यावर आला. डोळ्यांत, कानांत, तोंडात. मला काही दिसेना.

"सोनवणे, लागलं का हो?"

"नाही लागलं!" मी तोंडातला चिखल थुंकत ओरडलो. "पण बास झालं, मंदाताई! माझं एक तरी ऐकता का तुम्ही? मग कशाला उभं करता मला पुढे? आजपासून मी येणार नाही. हा शेवटचा रविवार. जायचं तर जा तुमच्या तुम्ही वर!"

मी चाचपडत ओढ्यात उतरलो आणि डोळ्यांवर पाणी मारायला लागलो. पाठीमागे ती आखूड दांडी ओढल्याचा खट् आवाज आला. मग इंजिनाचा. एका सुरात, न वाढता, न अडखळता. दगडावर टायर घासल्याचा, क्षणभर थांबल्याचा, परत निघाल्याचा. मला वाटलं, आता उलटतील. मी घाईघाईनं डोळे पुसून वळलो. चढ रिकामा होता. इंजिनाचा आवाज वर, पठारावरून येत होता, आणि मग तोही बंद झाला.

मी दगड धरत धरत वर गेलो. जाताना नीट पाहिलं. चाकांच्या खुणा कुठे डाव्या कडेनं, कुठे दोन दगडांच्या मधून वीतभर जागेतून गेल्या होत्या. कुठेही परत मागे येऊन प्रयत्न केल्याची खूण नव्हती. या बाईला पुढे माणूस लागत नव्हता. कधीच लागला नव्हता. राग आणखी वाढला.

वर मंदाताई गाडीच्या सावलीत सतरंजी अंथरून बसल्या होत्या. समोर डबा, अजून झाकण लावलेलं.

"मंदाताई, खरं सांगा. मला का आणता?"

"बसा आधी. दमलात."

"बसणार नाही. का आणता?"

त्या सतरंजीची सुरकुती काढत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुम्ही यायला लागायच्या आधी इथं येऊन गेले मी. एकटीच. हाच चढ. फार भीती वाटली होती हो. मधल्या दगडावर गाडी कलली तेव्हा वाटलं, संपलं. पण चढले. वर आले, गाडी बंद केली. वाटलं, ओरडावं मोठ्यानं. पण ओरडून सांगायचं कुणाला? इकडेतिकडे बघितलं जरा. मग तशीच खाली आले. डबासुद्धा उघडला नाही. घरी जाऊन ओट्याशी उभ्यानंच खाल्लं."

"खाली पार्किंगमध्ये नीता भेटली होती त्या दिवशी. तिला सांगणार होते. ती म्हणाली, अगबाई, केवढा चिखल लागलाय गाडीला." मंदाताई हसल्या. "तिचं काय चुकलं? लागलाच होता." त्यांनी डब्याचं झाकण उघडायला घेतलं. "तुम्हाला कंटाळा येतो ते दिसतं मला. पुढच्या वेळेपासून नाही म्हणणार मी. या, भाकरी खाऊन घ्या."

वाऱ्यानं सतरंजीचं टोक उडत होतं. मी त्यावर पाय ठेवला, मग काढला.

"डबा राहू द्या," मी म्हणालो. "गाडी खाली न्या."

"काय?"

"खाली न्या आणि परत चढवा. मी तोंड धूत होतो, मला काही दिसलं नाही."

त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. मी चेष्टा करतोय का, हे त्या बघत होत्या. पण माझ्या कानात अजून चिखल होता आणि चेहरा बहुतेक फारच गंभीर असावा. "परत पूर्ण?" त्यांनी हळूच विचारलं.

"पूर्ण. ओढ्यापासून."

त्या उठल्या. सलवार झटकली. गाडीत चढून खाली गेल्या, आणि मी पठाराच्या कडेला जाऊन बसलो.

त्या दिवशी मी पहिल्यांदा नीट बघितलं. गाडी ओढ्यातून निघाली, दगडांशी आली. पुढचं एक चाक हवेत उचललं गेलं आणि तसंच लटकत राहिलं. मंदाताईंनी घाई केली नाही. जरा थांबल्या, स्टिअरिंग बोटभर वळवलं, आणि ते चाक अगदी अलगद पलीकडच्या दगडावर टेकलं. मधल्या कललेल्या जागी गाडी इतकी आडवी झाली की मला खिडकीतून त्यांचे दात ओठांवर दाबलेले दिसले. मग सावरली. मग शेवटची उभी धार, आणि तोंड आभाळाकडे करून ती छोटी गाडी पठारावर आली आणि माझ्या पुढ्यात थांबली.

मी ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही, शब्द नव्हतेच. दोन्ही हात वर करून उड्या मारत ओरडलो.

खालून ओढ्यापासून म्हाताऱ्याची हाक आली, "काय झालं? कोन पडलं का?"

"नाही बाबा!" मी कडेला उभा राहून बोंबललो. "बाई चढल्या! आमच्या बाई वर आल्या!"

मंदाताईंनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. चेहरा लाल झाला होता. "सोनवणे, हळू! काय म्हणेल तो माणूस?"

एवढं बोलून त्यांनी स्वतःच हॉर्नवर हात ठेवला, आणि बराच वेळ काढला नाही.