दुये पातेल्यात राहायला गेला तो रविवार

रविवारी साडू जेवायला येणार, असं बायकोने जाहीर केलं आणि मी मत्स्यालयाची काच लखलखीत करायचं ठरवलं. बस्स, एवढंच. याहून मोठी पापं करून माणसं सुखाने जेवतात.

आमचं मत्स्यालय खाऱ्या पाण्याचं आहे. शिबेनिक बंदरात, खिडकीतून चूळ टाकली तर समुद्रात पडेल अशा घरात राहून मी दुकानातून मिठाची पोती आणतो आणि न्हाणीघरात बादली ढवळत समुद्र बनवतो. साडू लोव्रे फेरीबोटीवर कप्तान आहे. त्याची हयात समुद्रावर गेली आणि उरलेला वेळ माझ्या बादलीवर हसण्यात. ("साडू, श्वासालासुद्धा डब्यातली हवा आणतोस का रे?")

त्या मत्स्यालयात प्रवाळ आहेत आणि दुये आहे. दुये म्हणजे लिंबासारखा पिवळाधमक, बशीएवढा मासा. तो माझ्या बायकोचा, विन्काचा लाडका. सकाळी उठल्यावर ती आधी त्याच्याशी बोलते, मग कॉफी पिते, आणि त्यातून वेळ उरलाच तर माझ्याशी बोलते. (मत्सर वगैरे अजिबात नाही. आपलं माहितीसाठी सांगितलं.)

तर हल्ली पाण्यातलं फॉस्फेट वाढलं होतं. माशांना नको इतकं खायला घातलं की ते वाढतं. खायला मीच घालत असल्यामुळे त्या विषयाच्या मी फार खोलात शिरलो नाही. फॉस्फेट वाढलं की काचेवर हिरवं शेवाळ चढतं आणि प्रवाळ मळकट, निरुत्साही, आमच्या जमीनमोजणी कचेरीतल्या लोकांसारखे दिसू लागतात. दुकानदार ग्रगूरने मला लँथॅनमची एक बाटली दिली.

"हे पाण्यातल्या फॉस्फेटला धरतं, त्याची पांढरी भुकटी होते आणि ती गाळणीत अडकते," तो म्हणाला. "पण पाण्यात पातळ करायचं आणि गाळणीच्या कापडावरच थेंब थेंब सोडायचं. घाई केलीत तर भुकटी माशांच्या कल्ल्यांत जाईल. पिवळ्या माशाला तर मुळीच सोसत नाही हे."

मी मान डोलावली. मान डोलावण्यात माझा हात कोणी धरणार नाही.

रविवारी सकाळी मी थेंब सोडायला बसलो. थोडे थेंब पडले असतील नसतील, तोच स्वयंपाकघरातून विन्काची हाक आली, "येर्को, वाईन आणलीस का?" नव्हती आणली. "आणतो" म्हणून पुन्हा थेंबांपाशी बसलो, तर "येर्को, खुर्च्या!" खुर्च्या मांडल्या. मग मी शांतपणे विचार केला, की थेंब थेंब म्हणजे शेवटी तेच औषध ना? एकदम गेलं काय आणि हळूहळू गेलं काय! असा विचार करून मी अर्धी बाटली थेट पाण्यात ओतली आणि वाईन आणायला गेलो.

परत आलो तर सासूबाई, पेरिनाबाई, मत्स्यालयासमोर उभ्या.

"जावईबापू, यात दूध का ओतलंत? माझ्या कॉफीला थेंबभर नव्हतं!"

पाणी पांढरंशुभ्र झालं होतं. प्रवाळ गायब, दगड गायब, दुये गायब. शेवाळही दिसत नव्हतं, हे मान्य करायला हवं. तेवढ्यात दारावरची घंटा वाजली आणि साडू मेहुणीसकट आत आला.

"वा! काय धुकं पडलंय!" लोव्रे म्हणाला. "अशा धुक्यात आम्ही भोंगा वाजवतो."

तेवढ्यात दुये वर आला. तोंड पाण्याबाहेर काढून तो धापा टाकत होता. विन्का हातातला डाव टाकून धावली.

"काय घातलंस यात?"

"औषध."

"कोणाला झालं होतं काय?"

"फॉस्फेट... वाढलं होतं."

"आणि आता तो मरतोय! चांगलं पाणी कुठंय?"

चांगलं पाणी मी जेवणानंतर बनवणार होतो. हे सांगताना माझा आवाज मला स्वतःलाच ऐकू आला नाही. विन्काच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं, ते त्या क्षणी पाहिलं.

"अरे, खाली अख्खा समुद्र पडलाय!" लोव्रे गरजला. "उचल बादली!"

आम्ही दोघं धक्क्यावर धावलो. एक साडू पांढऱ्या गणवेशात आणि दुसरा घरातल्या सपातांत. धक्क्यावरच्या लोकांनी कॉफीचे पेले खाली ठेवून आम्हाला डोळे भरून पाहिलं. पाणी मार्च महिन्याचं, म्हणजे बर्फ होतं. ते चुलीवर कोमट करावं लागलं. विन्का तापमापी बुडवून उभी होती आणि अर्धं जग फिरलेला कप्तान बायकांच्या हुकमावरून पळीने समुद्र ढवळत होता. मग घरातलं सगळ्यात मोठं पातेलं भरलं आणि दुयेला जाळीने त्यात सोडलं. हवेच्या पंपाची वायर फक्त जेवणाच्या टेबलापर्यंत पोचत होती, म्हणून पातेलं टेबलावर. तो उडी मारू नये म्हणून वर तिरकं झाकण. शेजारी तसंच दुसरं पातेलं, त्यात सासूबाईंनी पहाटेपासून राबून केलेला माशांचा रस्सा.

हळूहळू दुयेचे कल्ले शांत चालू लागले. विन्काने सुस्कारा सोडला आणि सगळे जेवायला बसले. सासूबाईंनी चष्मा न लावता झाकण उचललं, पळी बुडवली, चव घेतली.

"मीठ जरा जास्तच पडलंय आज," त्या म्हणाल्या. मग आत वाकून पाहिलं. "आणि विन्का, हा कच्चाच राहिलाय गं. हलतोय!"

"आई!!"

पळी खाली पडली. लोव्रेने आपली पुढे केलेली थाळी हळूच मागे घेतली. मग विन्काने खऱ्या रश्शाचं पातेलं उचललं आणि आत नेऊन ठेवलं.

"त्याच्यासमोर कोणीही मासा खायचा नाही," ती म्हणाली.

मग आम्ही मक्याचा सांजा खाल्ला. कोरडा. लोव्रे मधूनमधून स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होता आणि जाताना त्याने माझ्याशी हस्तांदोलन केलं नाही. विनोदही केला नाही, यावरून काय ते समजा.

मी गाळणीची कापडं बदलत बसलो. संध्याकाळपर्यंत पाणी निवळलं, दुये आपल्या घरी परतला आणि प्रवाळांनीही तोंडं उघडली. दुसऱ्या दिवशी मी फॉस्फेट तपासलं. शून्य! मी कचेरीतून परस्पर ग्रगूरकडे गेलो आणि छाती काढून ही बातमी दिली.

"शून्य?" तो किंचाळला. "अहो, प्रवाळ उपाशी मरतील! थोडं तरी लागतंच त्यांना." आणि त्याने मला दुसरी बाटली दिली.

घरी विन्काने ती हातात घेऊन लेबल वाचलं.

"हे काय आहे?"

"फॉस्फेट."

"जे काढायला..."

"हो."

तिने बाटली मला परत दिली नाही. आता औषधाचे थेंब तीच मोजून घालते. दोन्ही बाटल्या तिने कपाटात सगळ्यात वरच्या फळीवर, लहान मुलांचा हात पोचणार नाही अशा जागी, कुलूप लावून ठेवल्या आहेत.

आमच्या घरात लहान मूल नाही.