सुमनताईंचा नमुना

आमच्या मुख्याध्यापकांच्या मुलीला स्थळ आलं, तेव्हा मध्यस्थ म्हणाले, "पोरगा लय शांत स्वभावाचा हाय." सगळ्यांनी माना डोलावल्या. पोह्यांच्या बशा वाटणाऱ्या सुमनताई मात्र बशी हातात धरून तशाच थांबल्या आणि म्हणाल्या, "निरीक्षण कसं केलं तुमी? सहभागी का असहभागी?"

मध्यस्थ बिचारे गडबडले. "नाही नाही बाई, सहभागी कोणीच नाही. सातबाऱ्यावर वावर सारं पोराच्या एकट्याच्याच नावानं हाय."

सुमनताई आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीला शिकवतात. शाळा फुलसावंगीच्या पुढं, कपाशी आणि तुरीच्या वावरांना लागून. मी घाटंजीचा, बदली होऊन इथं आलो आणि ताईंच्या तावडीत सापडलो. निवृत्ती जवळ आली की माणसं घरावर स्लॅब टाकतात, नाहीतर तीर्थाला जाऊन येतात. ताईंनी शिक्षणशास्त्राच्या एम. ए.ला नाव घातलं. वर मलाही ओढलं. "एकटी काहून जाऊ? दोघं असलो का तुलना करता येते," म्हणाल्या.

दर रविवारी आम्ही एसटीनं उमरखेडला वर्गाला जायचो. संशोधन पद्धती या विषयाला सगळे घाबरायचे. आम्ही बाकीचे गाईड विकत घेऊन परिकल्पना, चल यांच्या व्याख्या पाठ करायला लागलो. ताईंना मात्र पहिल्याच तासाला सरांचं एक वाक्य चावलं, "मत आणि पुरावा यांतला फरक ओळखायला शिका." विंचू चावावा तसं चावलं. त्यानंतर ताईंसमोर तोंड उघडायची सोय राहिली नाही.

"यंदा थंडी जास्त हाय," असं कोणी म्हटलं की ताई, "हे तुमचं मत झालं, भाऊ. पुरावा?"

एकदा कंडक्टर म्हणाला, "या गाडीले नेहमीच अशी गर्दी राह्यते." ताई लगेच वळल्या. "नेहमी म्हंजे? का फक्त रविवार पाहून सांगून राह्यले?"

"बाई, मी रोज याच गाडीवर हावो."

"मंग बरोबर हाय. मानलं," ताई म्हणाल्या आणि समाधानानं तिकीट घेतलं. हा त्यांचा मोठा गुण. पुरावा समोर आला की भांडण तिथंच संपलं.

बाजारात त्या संत्री घ्यायच्या ती ढिगाच्या वरून एक, खालून एक, मधून एक अशी उचलून. संत्रीवाला एकदा वैतागून म्हणाला, "संत्रे घेता का पंचनामा करता?" आमच्या मुख्याध्यापकांनी तर 'सगळी पोरं मस्तीखोर झाली' म्हणायचंच सोडून दिलं. 'काही पोरं' म्हणतात आणि आधी दाराकडे पाहतात. मागे एकदा स्टाफरूममध्ये कोणीतरी पुटपुटलं, "ताई म्हणजे नमुनाच आहेत!" ताईंच्या कानावर ते गेलंच. शांतपणे म्हणाल्या, "एका नमुन्यावरून निष्कर्ष काढू नका, बाप्पा."

मग लघुप्रबंधाचा विषय ठरवायची वेळ आली. ताईंच्या वर्गात जवळच्या बंजारा तांड्यावरची काही मुलं होती. घरी गोरबोली बोलणारी. वर्गात भिंतीला टेकून बसायची आणि एक अक्षर बोलायची नाहीत. ताईंनी ठरवलं, ही मुलं का बोलत नाहीत हेच शोधायचं. त्यांनी चित्रं काढून, रंग भरून छान प्रश्नावली तयार केली. मुलांनी चित्रांकडे पाहिलं, ताईंकडे पाहिलं आणि ती पुन्हा भिंतीला टेकली.

मार्गदर्शक सर म्हणाले, "ताई, विषय बदला. शिक्षकांना प्रश्नावल्या वाटा, लगेच आकडे हातात येतात." आम्ही बाकी सगळ्यांनी तेच केलं होतं. माझा विषय 'शिक्षकांचा मोबाइल-वापर'. उत्तरं मोबाइलवरच आली.

"सर, ज्याचं उत्तर मले पाहिजे, तेच मी विचारीन," ताई म्हणाल्या.

"मग वर्ष वाया गेलं तर मला सांगू नका," सर म्हणाले.

ताई शाळा सुटली की तांड्यावर जायला लागल्या. त्यांच्या वर्गातल्या सोनीची आजी, मथुराबाई, अंगणात बसलेली असायची. ताई तिच्याजवळ बसून गोरबोली शिकू लागल्या. पहिल्या दिवशी त्यांनी मोठ्या तयारीनं "तारो नाम कांई छ?" असं तिचं नाव विचारलं. त्यांचा तो सूर ऐकून मथुराबाई इतकी हसली की तिला ठसका लागला. शेजारपाजारच्या बाया गोळा झाल्या. ताईंकडून एकेक शब्द पुन्हा पुन्हा म्हणवून घेणं हा तांड्यावरचा रोजचा करमणुकीचा कार्यक्रमच झाला.

एक दिवस ताई धावतच स्टाफरूममध्ये आल्या. चेहरा असा, की जणू आदर्श शिक्षक पुरस्कार मिळाला. "भाऊ, भाऊ! सोनी मले रागावली!"

झालं होतं असं. वर्गात ताई आई या अर्थी 'याडी' म्हणायला गेल्या आणि अडखळल्या. भिंतीला टेकलेल्या सोनीला ते सहन झालं नाही. ती उठून उभी राहिली आणि तिनं ताईंना नीट म्हणून दाखवलं. मग पुन्हा म्हणायला लावलं. आणि एकदा चुका काढायला लागल्यावर ती थांबेचना. दुसऱ्या पोरांनाही चेव आला. त्या दिवशी वर्ग पोरांनी घेतला. पुढं रोज सकाळी पहिला तास त्यांच्या बोलीत गप्पांचा, आणि त्यातूनच हळूहळू मराठी. पुढं एकदा शिक्षण खात्याचे साहेब शाळेला भेट द्यायला आले, तर सोनीनं त्यांना कोंबडी घरात शिरल्याची अख्खी गोष्ट मराठीतून सांगितली आणि वर "समजलं का?" असंही विचारलं.

तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले. आम्ही सगळे मागे बसलो होतो. त्यांनी ताईंचा प्रबंध चाळला आणि चष्म्यावरून पाहत म्हणाले, "बाई, तुमचा नमुना फारच लहान आहे. एवढ्याशा मुलांवरून निष्कर्ष कसा काढता?"

जगाला नमुना विचारणाऱ्या बाईंना शेवटी नमुन्यावरच धरलं होतं.

ताई उभ्या राहिल्या. "सगळ्यांबद्दल काढता येतच नाही, सर. म्हणून मी कुठंही नुसतं 'मुलं' लिहिलं नाही, 'ही मुलं' लिहिलं आहे. ही मुलं गप्प होती, कारण त्यांचं आम्हाला ऐकता येत नव्हतं. दुसऱ्या मुलांचं मला माहीत नाही. त्यांच्याकडे जायची माझी तयारी आहे."

परीक्षकांनी चष्मा काढला. "'मला माहीत नाही' हे वाक्य तोंडी परीक्षेत फार कमी ऐकायला मिळतं," ते म्हणाले. प्रबंधाची एक प्रत त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांसाठी मागून घेतली. आमचे मार्गदर्शक सर खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "माझीच विद्यार्थिनी!" आणि मी शेजारच्या अनोळखी माणसाला सांगितलं, "आमच्या शाळेच्या आहेत."

उमरखेडहून पेढे घेतले. एसटीतून उतरल्यावर ताई म्हणाल्या, "घरी चला, भाऊ. ह्यायले सांगाचं हाय."

त्यांच्या यजमानांना काही वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला, तेव्हापासून ते घरीच असतात, एवढं शाळेत सगळ्यांना माहीत होतं. मी मात्र घरी पहिल्यांदाच गेलो. गावातले लोक सांगतात, या माणसानं हाक मारली तर दोन वावरं पलीकडे ऐकू जायची. आता ते खाटेवर उशांना टेकून बसले होते आणि तोंडातून शब्दाऐवजी घोगरा आवाज येत होता.

ताई पिशवी खाली न ठेवताच त्यांच्याजवळ बसल्या आणि सगळी परीक्षा पहिल्यापासून सांगायला लागल्या. मध्ये थांबायच्या, ते काही आवाज करायचे, ताई हसून पुढं सांगायच्या.

"काय म्हणून राह्यले?" मी विचारलं.

"परीक्षकानं चहा तरी पाजला का, विचारून राह्यले." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "साऱ्या प्रबंधाचं पान अन् पान आधी ह्यायलेच वाचून दाखवलं, भाऊ. हे हासले का मी समजो, वाक्य बरोबर नाही झालं. मंग खोडून पुन्हा लिहो."

मी पेढा त्यांच्या हातात दिला आणि पाया पडलो. ते माझ्याकडे पाहून बराच वेळ काहीतरी बोलले. मला एक अक्षर कळलं नाही. मी ताईंकडे पाहिलं.

"हे मलेही नाही समजलं," ताई म्हणाल्या.

त्यांनी पदरानं यजमानांचे ओठ पुसले, पिशवी बाजूला ठेवली आणि कान त्यांच्या तोंडाजवळ नेला.

"अजून एकडाव सांगा बरं," त्या म्हणाल्या. "मले काही घाई नाही."