एका हंड्याची आळी

प्रश्न समजल्याशिवाय सुटत नाही, आणि बाहेरगावच्या माणसाने येऊन पाहिल्याशिवाय तो समजत नाही, हे आता सर्वमान्य झाले आहे. ज्याच्या घशाला कोरड पडली त्याला तहानेचा अभ्यास करता येत नाही, कारण त्याचे लक्ष सारखे पाण्याकडे जाते. हे तत्त्व ध्यानी घेऊन, दुष्काळ सरल्यावर चौऱ्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात, पुण्याच्या एका महाविद्यालयाने आपली मुले शहरांचे प्रश्न सोडवायला सल्लागार म्हणून बाहेर सोडली. पुण्याचे प्रश्न फार मोठे असल्यामुळे सरावाला आधी भोर घेतले.

भोरच्या खालच्या आळीतल्या ठकुबाईला ही बातमी कळताच तिने देवीला नारळ बोलला. आळीला नळ एकच. तो सकाळी येई, दम्याच्या माणसासारखा खोके आणि निम्म्या बायांची पाळी लागण्याआधी निघून जाई. भाटघरचे धरण तसे हाकेवर, पण तिथले पाणी कालव्याने लांबच्या उसाला जाते. (उसाला बादली घेऊन रांगेत उभे राहता येत नाही, हे समजून घेतले पाहिजे.) धरण उशाला आणि कोरड घशाला, ही म्हण पहिल्यांदा बोलणारी बाई खालच्या आळीतलीच असणार, याबद्दल ठकुबाईला शंका नव्हती.

तेही तिने गोड मानून घेतले असते. पण तिचा भिमा लग्नाचा झाला होता. कामथडीचे पाहुणे सुपारी फोडायच्या बेतात होते, तेवढ्यात मुलीच्या बापाची नजर नळापुढच्या रांगेवर गेली. "पोरगी दिली असती," तो म्हणाला, "पर पानी वाहून तिची मान मोडायची न्हाई आमाला." तेव्हापासून आळीने एक नियम केला. रडायचे ते आपसात. परक्यापुढे पाण्याचा विषय निघाला की भरपूर आहे म्हणायचे. लग्नाची पोरे काही एकट्या ठकुबाईची नव्हती.

या मुलांना मात्र खरे सांगायचे, असे तिने मनाशी पक्के केले होते. नळ मोठा झाला की भिमाचे जमणार, इतका सरळ हिशेब होता.

मुले भर दुपारी आली. पुढे त्यांचा म्होरक्या केळशीकर, सोबत नळ सुधार समितीचे अध्यक्ष आनंदराव. (हे वरच्या पेठेत राहत. त्यांची पपईची बाग सुधारणेच्या प्रतीक्षेत होती.) केळशीकरचे ओठ सुकले होते. उंबऱ्याशी उभा राहून त्याने विचारले, "मावशी, तुम्हाला पाणी पुरतं का?"

आता दारात आलेल्या तहानलेल्या माणसाने पाण्याचे विचारावे आणि घरच्या बाईने नाही म्हणावे, असे भोर-वेल्ह्यात आजवर घडलेले नाही. ठकुबाईने तोंड उघडले ते खरे सांगायलाच.

"पुरतंय की!" ती म्हणाली. "आदी टेका बाबा. गूळ घ्या, पानी घ्या."

मुले पितळी हंड्यातले गार पाणी पीत होती, तेव्हा तिला आठवले की शेजारच्या अक्काबाईची भांडी सकाळपासून पालथी आहेत. आळीच्या अब्रूचा प्रश्न होता. मुले पुढच्या दाराने बाहेर पडली आणि हंडा मागच्या दाराने. अक्काबाईकडून तो साळूबाईकडे गेला, आणि असा आळीच्या टोकापर्यंत पाहुण्यांच्या एक घर पुढे चालत राहिला.

यथावकाश अहवाल आला. त्यातले निष्कर्ष थोडक्यात असे. खालच्या आळीत शंभर टक्के घरांत पाणी मुबलक आहे. (काही घरांत नको म्हटले तरी पाजतात.) घरटी एक पितळी हंडा आढळला. हे सर्व हंडे एका मापाचे असून प्रत्येकाच्या गळ्याशी एकसारखा पोचा आहे, यावरून स्थानिक तांबटांचा काटेकोरपणा दिसतो. आळीच्या टोकाकडे हंड्यातली पातळी उतरत जाते, ती जमिनीच्या उतारामुळे असावी. याउलट वरच्या पेठेत कोणीही पाणी विचारले नाही, त्यामुळे तेथील टंचाई गंभीर आहे. सबब, खालच्या आळीचा नळ वरच्या पेठेत हलवावा.

इतक्या वर्षांत समितीचे काम एवढ्या लवकर झालेले कोणी पाहिले नव्हते. ठकुबाई आनंदरावांकडे धावली.

"छापून आलंय, बाई," आनंदराव म्हणाले. "तुमीच म्हनला पुरतंय."

"मंग दारात आलेल्या लेकराला न्हाई म्हनू व्हय? तुमी म्हनला असता?"

"आमच्याकडं कुनी पानी मागतच न्हाई," आनंदराव म्हणाले, आणि पपईकडे गेले.

ठकुबाईला त्या दिवशी खूप रडू आले. आळीतल्या कोणाला तिने ते दिसू दिले नाही.

पण ज्ञान वाया जात नाही. अहवालातला उतारा वर्तमानपत्रात आला, तो कामथडीत वाचला गेला, आणि मुलीचा बाप आपणहून दारात हजर झाला. "नळ कुठं दिसंना?" त्याने विचारले.

"पानी लई झालं, म्हनून उचलून नेला," ठकुबाई म्हणाली.

"व्हय, वाचलंय म्या," तो समाधानाने म्हणाला, आणि सुपारी फुटली.

अशी त्याची लेक रतन ठकुबाईची सून होऊन आली. हळद उतरायच्या आत तिच्या हाती चुंबळ आणि तोच हंडा देऊन तिला नदीची वाट दाखवण्यात आली. काही दिवस ती पाणी वाहत राहिली. मग म्हणाली, "आत्याबाई, फसवलंत तुमी. पुन्यांदा कुनी इचारायला येऊ दे, म्या खरं सांगनार."

"सांग बये," ठकुबाई मनापासून म्हणाली. "माज्यानं न्हाई झालं."

पुढच्या उन्हाळ्यात नवी तुकडी आली. (केळशीकरच्या अहवालाला पहिला क्रमांक मिळाला होता, म्हणून त्याचे सुपरिणाम मोजायचे होते.) दारात घामाने भिजलेली एक मुलगी उभी होती. "वहिनी, पाणी पुरतं का?"

रतन पुढे झाली. एका शब्दावर नळ परत येणार होता. रतनने त्या मुलीच्या सुकलेल्या ओठांकडे पाहिले.

"पुरतंय की!" ती म्हणाली. "आदी टेका. गूळ घ्या, पानी घ्या."

मागच्या दारात अक्काबाई हंड्यासाठी येऊन उभीच होती.

वाचकांना हे वाचून हसू आले असेल, तर हरकत नाही. फक्त, कालपरवा रस्त्यात कोणी 'काय, कसं चाललंय?' असे विचारले तेव्हा आपण काय उत्तर दिलेत, ते जरा आठवून पाहावे. आपले घर आम्ही त्या शंभर टक्क्यांत धरले आहे.