महाराजांचे चित्र आणि निंबाजी चिताऱ्याची रखडपट्टी

श्रीगजाननास दंडवत, ज्याने एकदा मुख पालटले ते पालटले, पुन्हा कोणास त्रास दिला नाही. शके सोळाशे एक्याण्णव, विरोधी नाम संवत्सर, कार्तिक मासी एके राज्यी ऐसे वर्तमान जाहले जे, महाराजांस आपले चित्र काढवावे ऐसी इच्छा उपजली आणि निंबाजी चितारी, मोठा कसबी, वाड्यात आणविला. रिवाज ऐसा की, चित्रापुढे उभे राहून राजाने "हे आम्हीच" ऐसे त्रिवार वदावे, मग शिक्का व्हावा आणि मग चितारी मोकळा. तोवर वेशीबाहेर पाऊल नाही. निंबाजीच्या लेकीचे, सगुणेचे, लग्न माघ शुद्ध पंचमीस ठरलेले. आई मागेच वारलेली, कन्यादान बापानेच करावयाचे. निंबाजी मनी म्हणाला, महिनाभराचे काम, चिंता कसली. कसली म्हणे!

पहिले दिवशी महाराज चिलखत लेऊन बसले आणि चिलखत रंगले, मग अंगास राख फासून गोसावी होऊन आले आणि म्हणाले, आम्ही खरे हे. मग राख रंगली तों मोरपीस खोवून मुरलीधर जाहले आणि मग खोटी दाढी लावून अत्तराचे सौदागर. दर खेपेस निंबाजीने जुना रंग खरवडावा, नवा घोटावा आणि दातओठ खावे. कारभारी दर सोंगास वाहवा, हुबेहूब म्हणत. त्यांच्या बापाचे काय जात होते! ऐसा पौष सरला. निंबाजीची स्वतःची दाढी छातीस टेकली, नखांत तांबडा हिंगूळ बसला आणि जीव मेटाकुटीस आला.

माघ शुद्ध तृतीयेस महाराज जेवून, पंचा नेसून, पगडीविना झोपाळ्यावर घोरत पडले. निंबाजी चिडला, म्हणाला, दिसते ते काढतो, मग होईल ते होवो; आणि सूर्य कलावयाचे आत चित्र पुरे केले, टक्कल, सुटलेले पोट, उघडे तोंड, सर्व. महाराज जागे होऊन पाहती तों डोळे विस्फारिले आणि विचारिले, "हा कोण इसम?" एक दरबारी म्हणाला, आचारी असेल. आणि त्या इसमाच्या शोधास शिपाईही निघाले. निंबाजीने कपाळावर हात मारिला. इतक्यात वृद्ध मातोश्री काठी टेकीत आल्या, चित्र न्याहाळिले आणि ओल्या रंगावरूनच गालास हात लाविला.

"कितीक दिवसांनी दिसलास रे बाळा. जेवलास का?"

महाराजांनी मान खाली घातली आणि हळूच त्रिवार वदले. शिक्का जाहला.

निंबाजी मानाची शालही न घेता धावत सुटला आणि पंचमीस लग्नमांडवात पोहोचला तों अंतरपाट धरिलेला, चुलता बापाच्या जागी बसावयास निघालेला. ती दाढी, ते रंगलेले हात पाहून वऱ्हाडी म्हणाले, बहुरूपी आला, आणि पसाभर तांदूळ त्याचे पदरी घातले. सगुणेने मान वळवून पाहिले.

"आबा, आधी हात धुवा. शालूस रंग लागेल."

एणेप्रमाणे हकिकत. पुढे पंच्याचे सोंगच उत्तम ऐसे म्हणोन महाराजांनी तेही रोज घ्यावयास आरंभिले, त्याचा तपशील लिहिण्याची आमची प्राज्ञा नाही. कन्यादान बापाचे हातून जाहले. हात तीनदा धुतले तरी तांबडेच राहिले.