थरथरणारं बटण

कुलुपं विकणाऱ्या त्या वेबसाइटवर ‘मागवा’ नावाचं जे बटण होतं, त्याइतकं देखणं बटण जगात दुसरं नाही, याबद्दल आमच्या डिझायनरला तिळमात्र शंका नव्हती. बोट जवळ नेलं की ते वीणेच्या तारेसारखं थरथरायचं. त्या थरथरीवर त्याने तीन आठवडे घालवले होते.

शंका होती ती गिऱ्हाइकांची. लोक कुलूप निवडत, नाव-पत्ता भरत आणि नेमके बटणापाशी येऊन माघारी फिरत. मालकांनी बजावलं होतं, “शनिवारपर्यंत हे थांबलं नाही, तर काम दुसऱ्याला देईन.”

नोंदी चाळताना त्याला तो इसम सापडला. रोज सकाळी अकराला हजर. पितळी कुलपाचं चित्र मोठं करकरून किल्लीचं भोक न्याहाळायचा, बटणापाशी घुटमळायचा आणि पसार. भरलेलं नाव-पत्ता बटण दाबल्यावरच नोंदलं जायचं, त्यामुळे हा कोण ते कळेना.

“चोर आहे,” तो मालकांना म्हणाला.

“मग पकडा की.”

संशयाचं असंच असतं मंडळी. आधी उंबऱ्यावर टेकतो, मग घरात पाय पसरून झोपतो. डिझायनरने बटणाआधी प्रश्न घातला, ‘कुलूप कशासाठी?’ इसमाचं उत्तर आलं, ‘पेटीसाठी.’ त्याने लगेच पुढचा घातला, ‘पेटीत काय आहे?’ उत्तर आलं, ‘ते तुम्हाला कशाला?’ बाकीची गिऱ्हाइकं तर हा प्रश्न वाचूनच पळाली. पेटीत काय आहे, असं चोरच विचारतो ना!

त्याला लहानाचं मोठं केलेल्या मावशीने जेवताना विचारलं, “चेहरा का उतरलाय रे?”

“एक चोर मागे लागलाय.”

“देव त्याला सुबुद्धी देवो,” म्हणत तिने हात जोडले.

शनिवारी शेवटचा उपाय म्हणून त्याने चौकट टाकली, ‘परत का जाता? खरं सांगा.’ मालक शेजारीच बसले होते. अकराला उत्तर आलं. मालकांनी ते मोठ्याने वाचलं.

“तुमचं बटण बोट नेलं की कापतं. शॉक बसेल असं वाटतं. रोज कीर्तन ऐकून झालं की धीर करून येते, पण हात पुढे होत नाही. माझ्या भाच्याला मात्र सांगू नका. साइट त्यानेच केलीय, मनाला लावून घेईल.”

मालकांनी चष्मा काढला. “हे भाचे म्हणजे...”

“थरथर काढतो,” डिझायनर म्हणाला. प्रश्नही काढले. दुपारपर्यंत सात कुलुपं गेली, त्यात पहिलं पितळी.

रात्री मावशीने वाढता वाढता विचारलं, “सापडला का रे चोर?”

“सापडला.”

“कुठे होता मेला?”

“बटणात,” तो ताटात बघत म्हणाला. “मीच बसवला होता.”