वाघोल्यांची पुनव

रजेच्या अर्जात माणसं खरं कारण लिहीत नाहीत, हे मी टाइम ऑफिसात सोळा वर्षं बसून शिकले. कुणाची आजी वर्षात तीनदा वारते, कुणाच्या मेव्हण्याचं लग्न दर उन्हाळ्यात होतं. चाकणच्या आमच्या कंपनीत खरं कारण लिहिणारा एकच माणूस मला भेटला, तो म्हणजे पत्रे दाबणाऱ्या प्रेसशॉपचे सुपरवायझर दत्तोबा वाघोले. त्यांचा माझ्या टेबलावर आलेला पहिला अर्ज असा होता: 'तृतीया. वारा मावळतीचा. आभाळ भरलेले. मासा लागणार. एक दिवस रजा मिळावी.'

मी खाली लाल शाईत 'कारण अपुरे' लिहून तो परत पाठवला. दुपारी वाघोले स्वतः हजर. जाडजूड मिशा, खिशाला तीन पेनं, पायात सेफ्टी शूज.

"मॅडम, काय कमी पडलं? तिथी लिवलीय, वारं लिवलंय."

मी काही बोलायच्या आत त्यांनी कपाळाला हात लावला. "आयला, पाण्याचा रंग ऱ्हायला!" आणि उभ्याउभ्या पेन काढून लिहिलं: 'पाणी चहाच्या रंगाचे.' आता यावर काय बोलणार कप्पाळ! मी सही करून टाकली.

पुढे रजेचे अर्ज कॉम्प्युटरवर आले. कारणांची ठरलेली यादी, त्यातलं एक निवडायचं. वाघोल्यांनी ती यादी वरून खाली दोनदा वाचली आणि मला विचारलं, "यात मासा कुठं हाय?" नाही म्हटल्यावर त्यांना खरोखर वाईट वाटलं. "आजारी पडायची सोय हाय, अन् मासा धरायची न्हाई. कसली ही कंपनी!"

वाघोले मूळचे मावळातले, आता राहतात तळेगाव दाभाड्याला. स्कूटरच्या डिकीत कायम पंचांग. देवधर्माचं म्हणाल तर हा माणूस देवळासमोरून जाताना हॉर्नसुद्धा वाजवत नाही. पण चतुर्थी किती वाजता लागते, कुठलं नक्षत्र कधी संपतं, हे त्यांना तोंडपाठ. सगळं माशासाठी. प्रेसशॉपमधल्या बायका संकष्टीचा चंद्रोदय त्यांनाच विचारतात. ते वेळ सांगतात आणि वर विचारतात, "काय, मासं धरायला निघाला व्हय?" बायका बिचाऱ्या उपास सोडायच्या घाईत, त्यांना कशाला मासे आठवतील!

त्यांचं गणित मी ऐकून ऐकून पाठ केलंय. अवसेनंतर चार-पाच दिवस उत्तम. वारा मावळतीचा हवा. उगवतीचं वारं सुटलं की मासा तोंड उघडत नाही. आभाळ हवं, ऊन नको. थंडीत पाणी गारठलं की मासा तळाला बसतो. आणि पुनवेला तर गळाची काठी घराबाहेर काढूच नये. "पुनवंचा मासा रातभर चांदण्यात चरतो, मॅडम, अन् दिवसा पोट फुगवून निजतो. नवाबच त्यो! तुमच्या गळाला कशाला तोंड लावील?" पोरीच्या लग्नाला भटजींनी तीन मुहूर्त काढून दिले, तेव्हा वाघोल्यांनी डोळे झाकून पौर्णिमेचा धरला. त्या दिवशी तसंही काही लागत नाही.

मृग लागला की मात्र त्यांची काठी माळ्यावर. नव्या पाण्याला मासे वर चढतात, हाताने धरावेत इतके येतात, सारा गाव लुटायला धावतो. वाघोले नाही. "पोटुशी असती ती. बाळंतपणाला माहेरी निघालेल्या बाईला कुणी आडवतं का?" हे सांगताना त्यांचा आवाज जरा खाली येतो.

मी पडले मालवणची. आमच्याकडे मासा म्हणजे दर्याचा. नदीतल्या त्या चिखलखाऊ जनावराला आम्ही मासा म्हणत नाही. हे मी त्यांच्या तोंडावर सांगितलं. त्यांनी वाद घातला नाही, चांगल्या दोन हात लांबीची मरळ आणून माझ्या टेबलावर ठेवली. हजेरीच्या कागदांवर! मी ओरडले, पण घरी नेली. तिरफळं घालून कालवण केलं. आणि जेवताना, माझ्या आईच्या आत्म्यास शांती लाभो, बोटं चाटली. दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं तेव्हा "बरी होती" एवढंच म्हटलं. मालवणचं नाक आहे, असं सहजी कापून देता येत नाही.

बाकी माणसाचं निरीक्षण मानायलाच हवं. कंपनीच्या वार्षिक स्नेहसंमेलनाला मोकळ्या मैदानात जेवणाची पंगत ठरली होती. मोबाइलवर लख्ख सूर्य दिसत होता. वाघोल्यांनी कँटीनच्या धुराड्याकडे पाहिलं, "धूर जमिनीला लोळतोय. चारच्या आत पाऊस," म्हणाले. साहेब हसले. साडेतीनला आम्ही सगळे पार्किंगमध्ये उभ्याने जिलेबी खात होतो. साहेबांच्या ताटात वरणापेक्षा पाणी जास्त होतं. त्या दिवसापासून डिस्पॅचवालेसुद्धा ट्रकवर ताडपत्री टाकायची की नाही ते वाघोल्यांना विचारतात.

अशा माणसाचे अर्ज गेल्या दिवाळीनंतर एकदम बंद झाले. कार्तिक गेला, मार्गशीर्ष गेला, एक रजा नाही. पुढ्यातले उत्तम उत्तम दिवस वाघोले प्रेसशॉपमध्ये उभे राहून घालवत होते. शेवटी मीच बोलावून घेतलं. "काय हो, तळ्यातले मासे संपले की काय?"

ते खुर्चीत बसले. एरवी बसत नाहीत.

"रशीदला झटका आला, मॅडम. उजवी बाजू गेली."

रशीदभाई म्हणजे दिघीचे मेकॅनिक. त्यांचं गॅरेज आहे. वाघोल्यांची स्कूटर एकदा त्यांच्या दारात बंद पडली, आणि डिकीतलं पंचांग पाहून रशीदभाईंनी विचारलं, "पंडित आहात का?" वाघोले म्हणाले, "न्हाई, मासं धरतो." तेव्हापासून पंचवीस वर्षं दोघं जोडीने जात होते. झटक्यानंतर बोलणं थोडं जड झालं, काठी घेऊन चालता येऊ लागलं. पण उजव्या हातात काही राहिलं नाही. रशीदभाई गॅरेजकडे बघत नव्हते. कुणी भेटायला आलं की आतल्या खोलीत जात. वाघोले दर सुट्टीच्या दिवशी जायचे आणि बंद दाराशी बोलून परत यायचे.

"एकदा पाण्याकाठी बसला पायजे त्यो," वाघोले म्हणाले. "तेवढं झालं की माणसात यील. न्हाई तर गेलाच म्हणून समजा." आणि या मिशाळ माणसाचे डोळे भरले. मी उगीच कागद चाळत बसले.

माघात एक दिवस ते पुन्हा आले. रशीदभाई 'नुसतं बसायला' तयार झाले होते. स्कूटरवर त्यांचा तोल जातो, म्हणून माझी गाडी हवी होती. मी म्हटलं, गाडी देते, पण चालवणार मीच. दिवस कुठला? त्यांनी तारीख सांगितली. गुरुवार, म्हणजे आमच्या पट्ट्यातल्या कारखान्यांचा सुट्टीचा वार. मी कॅलेंडर पाहिलं आणि चमकले.

"अहो वाघोले, पौर्णिमा आहे!"

"असूं द्या."

"थंडी केवढी आहे. तुम्हीच म्हणता..."

"मॅडम, गाडी देताय का न्हाई?"

असे ते माझ्याशी कधी बोलले नव्हते. मला वाटलं, काळजीने बिचाऱ्याचं गणित चुकलं. म्हटलं तर माझा अपमान झाला होता, पण गिळला.

गुरुवारी सकाळी दिघीला गेलो. रशीदभाई उंचेपुरे, पांढरी दाढी, उजवा हात शालीत गुंडाळलेला. त्यांच्या बायकोने डबा माझ्या हाती देताना हळूच सांगितलं, "कशात हार दिसली की महिना महिना बोलत नाहीत. सांभाळा." आणि आज तर पौर्णिमा!

चाकणच्या पुढे भामा नदीवरच्या धरणाच्या फुगवट्याला आम्ही गाडी लावली. आभाळ स्वच्छ, उगवतीचं बोचरं वारं, पाण्याला हात लावला तर कळ आली. वाघोल्यांनी सतरंजी घातली, गळाची काठी रशीदभाईंच्या डाव्या हातात दिली आणि गळ स्वतः पाण्यात नेऊन सोडला. पाण्यावर लाल बूच तरंगायला लागलं. तीन तास ते जागचं हललं नाही. रशीदभाई एक शब्द बोलले नाहीत. वाघोले मात्र अखंड चालू. "पुनव हाय रं आज! कुणालाच लागायचा न्हाई! बादशहा आला तरी न्हाई!"

चहाचा थर्मास आणायच्या निमित्ताने मी त्यांना गाडीपाशी नेलं आणि फैलावर घेतलं. "ठाऊक होतं ना तुम्हाला? मग आजच का? चार महिन्यांनी माणूस घराबाहेर आला, त्याला हात हलवत परत न्यायचं?"

वाघोल्यांनी पाण्याकडे पाहिलं. "मॅडम, लागला असता तर? एका हातानं कसा ओढला असता त्यानं? डोळ्यादेखत सुटला असता. मग पुन्हा काय त्यो घराबाहेर पडला नसता. आज न्हाई लागला तर दोष चंद्राचा. त्याच्या हाताचा न्हाई." पंचांगात बोट घालून ते म्हणाले, "पंधरा दिवस शोधत व्हतो, मॅडम. असा वाईट दिवस सहज घावत न्हाई."

मी आपली थर्मासचं झाकण फिरवत राहिले. जन्मात चांगला दिवस शोधणारे पुष्कळ पाहिले, असं वाईट शोधणारं मेलं एकच!

आम्ही चहा घेऊन आलो. रशीदभाईंनी पाण्यावरची नजर न काढता, जड जिभेने, एकेक शब्द सोडवत विचारलं, "वाघोले, आज पुनवच ना?"

"व्हय."

"वारा उगवतीचा. पाणी बर्फ." ते थांबले. "तीन दुश्मन एका दिवशी आपोआप जमत नाहीत. तू जमवलेस."

कप माझ्या हाती देऊन वाघोले मान खाली घालून उभे राहिले.

"मी घरातूनच ओळखलं होतं. पंचवीस वर्षं तुझं पंचांग ऐकतोय, गाढवा."

"मग आलास कशाला?"

"तू एवढी मेहनत घेतलीस. नाही कसं म्हणू?" रशीदभाई पहिल्यांदा हसले. अर्ध्याच तोंडाने, पण हसले. "आता चांगला दिवस काढ. मासा लागणारा."

"पण ओढायचा कुणी?"

"तू ओढ."

वाघोले माझ्याकडे बघून, शाळेत छडीला हात पुढे करावा तसं तोंड करून म्हणाले, "मला येत न्हाई, मॅडम."

"काय येत नाही?"

"मासा धरायला. दिवस म्या काढायचा, जागा म्या सांगायची. धरायचा ह्यानं. आजवर येक मासा म्या काढल्याला न्हाई. तुमची ती मरळबी ह्याचीच."

आई गं! सगळ्या कंपनीने मासेमारीचा महर्षी करून ठेवलेला हा माणूस! मी सतरंजीवर बसकण मारली आणि हसत सुटले. रशीदभाई हसता हसता खोकायला लागले. आणि तेवढ्यात त्यांनी शाल बाजूला सारली, काठी वाघोल्यांच्या पुढ्यात धरली.

"शिक. आज मासा येणार नाही. शिकायला याच्याएवढा चांगला दिवस नाही."

मग जे सुरू झालं ते दिवस मावळेपर्यंत. वाघोल्यांचा पहिला गळ बाभळीत, दुसरा सतरंजीत, तिसरा स्वतःच्या स्वेटरात. आणि रशीदभाई, जे चार महिने दाराआड बसले होते, ते चालायची काठी जमिनीवर आपटत ओरडत होते, "मनगट! मनगट ढिलं! प्रेसचं मशीन चालवतोस का, गाढवा? पुन्हा टाक!" लुळा हात सगळ्यांसमोर तसाच उघडा पडला होता, त्यांच्या ध्यानातही नव्हतं. वाघोले टाकत होते, चुकत होते, शिव्या खात होते. एवढा खूश माणूस मी कंपनीत बोनसच्या दिवशीसुद्धा पाहिला नाही.

परत निघताना वाघोल्यांनी पंचांग उघडलं. "रशीद, अवसेनंतरची तीज काढू का चौथ?"

रशीदभाई गाडीत बसत होते. त्यांनी डाव्या हाताने ते पुस्तक मिटवलं.

"आधी तुझा हात बसू दे. पुढच्या गुरुवारी ये घ्यायला. त्याच्या पुढच्याही. तिथी असेल ती असेल."

"बरं," वाघोले म्हणाले, आणि गाडीचं दार सावकाश लावून घेतलं.